सगळ्यांनी इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या, तर ठाण्याची वीज पुरेल का?

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत चार्जरचा विषय निघाला की कोणीतरी हमखास विचारतं, "आज दोघं मागतायत, उद्या शंभर जण मागतील. मे महिन्यात आधीच लाइट जाते, मग काय होणार?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये तो विचारला जातो, खारघरच्या सेक्टरमध्ये विचारला जातो, नौपाड्यातल्या चार मजली इमारतीतही विचारला जातो. त्यावर मिळणारी उत्तरं मात्र दोनच प्रकारची असतात. गाडी विकणारा म्हणतो, काही होत नाही. गाडी न घेणारा म्हणतो, सगळं कोसळेल. माझ्या मते खरं उत्तर थोडं लांब आहे आणि ते प्रत्येक सोसायटीने नीट समजून घ्यायला हवं, कारण त्यातला बराच भाग सोसायटीच्याच हातात आहे.

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. देशात आणि राज्यात इलेक्ट्रिक गाड्यांपुरती वीज आहे आणि पुढेही असेल. अडचण शेवटच्या काहीशे मीटरमध्ये आहे: तुमच्या आवारातला ट्रान्सफॉर्मर, तिथून मीटर रूमपर्यंत आलेली केबल आणि मीटर रूममधून पार्किंगपर्यंत ओढलेली वायर. त्यातही अडचण किती गाड्या आहेत याची कमी आणि त्या किती वाजता चार्जिंगला लागतात याची जास्त आहे.

एका गाडीला वीज लागते किती?

मध्यम आकाराची इलेक्ट्रिक कार एका युनिटमध्ये साधारण सहा-सात किलोमीटर जाते. ठाण्याहून ऐरोली किंवा पवईला जाऊन-येऊन, मधे बाजारहाट धरून, दिवसाला ४० किलोमीटर पकडले तर सहा युनिट होतात. चार्ज करताना थोडी वीज उष्णतेत वाया जाते, म्हणून मीटरवर सात पडतील. वर्षाला १२ हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला सगळं धरून २,००० युनिट म्हणू या. स्कूटर याहून फारच कमी खाते. एका युनिटमध्ये ती २५-३० किलोमीटर जाते, म्हणजे रोजच्या २० किलोमीटरला एक युनिटही लागत नाही.

आता देशाचा आकडा बघा. भारतात वर्षाला सुमारे १ लाख ८० हजार कोटी युनिट वीज तयार होते. एक कोटी इलेक्ट्रिक कार रस्त्यावर आल्या तर त्यांना २,००० कोटी युनिट लागतील, म्हणजे एक टक्क्याच्या जरासं वर. पाच कोटी स्कूटर आल्या आणि प्रत्येकीने वर्षाला ३०० युनिट घेतले, तर आणखी १,५०० कोटी. तेही एक टक्क्याच्या आतच. गेल्या काही वर्षांत देशाची विजेची मागणी एकेका वर्षात सात-आठ टक्क्यांनीही वाढलेली आहे, आणि ती वाढ प्रामुख्याने कारखाने, एसी, पंप आणि घरांमुळे झाली. एक कोटी कार काही एका रात्रीत येत नाहीत, त्यांना वर्षं लागतील. तेवढ्या काळात वीजनिर्मिती या वाढीला सहज गाठेल.

म्हणून "वीज संपेल" ही भीती मी बाजूला ठेवतो. पण वर्षभराचे युनिट पुरेसे असणं आणि मंगळवारी रात्री साडेदहाला तुमच्या विंगेत पुरेशी वीज पोहोचणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वीज तुमच्या पार्किंगपर्यंत येते कशी?

लांबच्या वीजकेंद्रांतून निघालेली वीज ४०० केव्हीच्या, म्हणजे चार लाख व्होल्टच्या वाहिन्यांवरून येते. आपल्या बाजूला भिवंडीजवळचं पडघे आणि ठाण्याच्या खाडीपलीकडचं कळवा ही महापारेषणची, म्हणजे राज्यभर वीज वाहून नेणाऱ्या सरकारी कंपनीची, मोठी उपकेंद्रं आहेत. तिथे व्होल्टेज टप्प्याटप्प्याने उतरतं आणि वीज शहरातल्या लहान उपकेंद्रांत येते. पुढे २२ केव्ही किंवा ११ केव्हीच्या फीडरवरून ती गल्लोगल्लीच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाते, आणि तिथून ४०० व्होल्टची केबल तुमच्या मीटर रूममध्ये शिरते. महावितरणच्या कागदांत ट्रान्सफॉर्मरला रोहित्र म्हणतात, वायरमनच्या तोंडी ती डीपी असते. ठाणे शहर आणि नवी मुंबई महावितरणच्या भांडुप परिमंडळात येतात. कळवा, मुंब्रा, शीळ या भागात २०२० पासून टोरंट पॉवर फ्रँचायझी म्हणून काम पाहते.

या साखळीत कुठेही कडी तुटली की पुढे अंधार होतो, मग मागे कितीही वीज असो. १२ ऑक्टोबर २०२० हा दिवस ठाणेकरांना आणि नवी मुंबईकरांना आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद पडली, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी देशात विजेचा तुटवडा नव्हता. कळवा-पडघे मार्गावरच्या ४०० केव्हीच्या वाहिन्यांपैकी एक देखभालीसाठी बंद होती, दुसरी ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, आणि उरलेल्या मार्गांना तो भार झेपला नाही. वीज होती, यायला रस्ता राहिला नाही. त्यानंतर खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची नवी वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली आणि मुंबईकडे वीज आणायला आणखी एक मोठा मार्ग मिळाला.

वरच्या पातळीवरची ही कामं नियोजनाने होतात. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात चोवीस तास माणसं बसून राज्यभराची मागणी आणि पुरवठा क्षणाक्षणाला जुळवत असतात. तिथे लाखभर गाड्यांची वाढ दिसेल, मोजता येईल, तिची तयारीही करता येईल. तुमच्या आवारातल्या ट्रान्सफॉर्मरकडे असं डोळ्यांत तेल घालून बघणारं बहुतेक ठिकाणी कोणी नसतं.

खरी कसोटी: आवारातला ट्रान्सफॉर्मर

समजा, दोनशे फ्लॅटची एक सोसायटी आहे आणि तिच्यासाठी ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे. त्यातून व्यवहारात ५८० किलोवॅटच्या आसपास भार घेता येतो. मे महिन्यातल्या रात्री अकराला घरोघरी एसी लागलेले असतात. प्रत्येक फ्लॅटचा सरासरी भार दोन किलोवॅट धरला तर ४०० झाले. लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे यांचे ४०. एकूण ४४०. शिल्लक राहिले १४० किलोवॅट.

आता चार्जर. गाडीसोबत मिळणारा साधा चार्जर १५ अँपियरच्या सॉकेटवर चालतो आणि ३.३ किलोवॅटपर्यंत घेतो, म्हणजे दीड टनाचे दोन एसी. भिंतीवर बसवायचा चार्जर बहुतेक ७.२ किलोवॅटचा असतो, म्हणजे चार-पाच एसी एकदम सुरू केल्यासारखं. असे वीस चार्जर एकाच वेळी लागले की १४४ किलोवॅट झाले. दोनशे घरांच्या सोसायटीत फक्त वीस गाड्यांनी ट्रान्सफॉर्मर भरला.

हे गणित ऐकून सभेत सगळे गप्प होतात. पण पुढचं गणितही तेवढंच महत्त्वाचं आहे आणि ते सहसा कोणी करत नाही. प्रत्येक गाडीला रोज सात युनिटच हवेत. शंभर गाड्या असल्या तरी रात्रीत लागणार ७०० युनिट. ते रात्री अकरा ते सकाळी सात या आठ तासांत वाटून दिले, तर भार येतो अवघा ८७-८८ किलोवॅट. त्याच ट्रान्सफॉर्मरवर, केबल न बदलता, शंभर गाड्या आरामात चार्ज होतात आणि वर जागा उरते. वीस गाड्या मन मानेल तशा लावल्या तर ट्रान्सफॉर्मर धोक्यात, आणि शंभर गाड्या वाटून लावल्या तर तो निवांत! माझं सगळं म्हणणं या दोन आकड्यांत आहे.

गाडी रात्रभर उभी असते, तिला घाई नसते. पंख्याला आणि एसीला थांबवता येत नाही, गाडीला येतं. दोनच्या ऐवजी चारला चार्ज झाली तरी सकाळी मालकाला फरक कळत नाही. विजेच्या जाळ्याला असा समजूतदार ग्राहक फार क्वचित मिळतो.

वाटून द्यायचं काम करणारी यंत्रणा बाजारात मिळते. चार्जर एकमेकांशी आणि इमारतीच्या मुख्य मीटरशी जोडलेले असतात. इमारतीचा भार वाढला की चार्जर आपला वेग कमी करतात, भार उतरला की वाढवतात. धंद्यातले लोक याला लोड मॅनेजमेंट म्हणतात. चार्जरचं कोटेशन मागवताना हे एकच वैशिष्ट्य आग्रहाने मागा, बाकी मोबाइल अ‍ॅप आणि रंगीत दिवे नंतर बघता येतील.

ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायची. तो काही मिनिटं जास्त भार सहन करतो, अगदी काही तासही करतो, पण आतून तापतो. आतल्या वेटोळ्यांवरचं इन्सुलेशन उष्णतेने हळूहळू खराब होतं. अंगठेनियम असा आहे की कायम सोसावं लागणारं तापमान सहा ते आठ अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. आजवर त्याला एक सवलत मिळत होती: मध्यरात्रीनंतर भार उतरायचा, हवा थोडी थंड व्हायची आणि तो निवायचा. ठाण्याच्या मे महिन्यात रात्रीचं तापमानही २७-२८ अंशांखाली फारसं जात नाही, एसी पहाटेपर्यंत चालतात, आणि आता त्यावर गाड्या आल्या तर निवायची वेळच उरत नाही. म्हणून रात्रीचं चार्जिंग सरसकट चांगलं असं मी म्हणणार नाही. मर्यादेत वाटलेलं रात्रीचं चार्जिंग चांगलं.

फेजचीही भानगड असते. ट्रान्सफॉर्मरमधून वीज तीन फेजवर, म्हणजे तीन वेगळ्या वायरींवर येते आणि ७.२ किलोवॅटचा चार्जर सिंगल फेजवर बसतो. इलेक्ट्रिशियनने सोयीसाठी बारा चार्जर एकाच फेजवर जोडले, तर एक फेज ओव्हरलोड, दोन रिकाम्या, आणि न्यूट्रलची, म्हणजे परतीची वायर तापते. ट्रान्सफॉर्मरवर एकूण भार कमी असतानाही फ्यूज उडतो तो असा. चार्जर आळीपाळीने तिन्ही फेजवर वाटायचे, एवढंच यावरचं उत्तर. पण ते कोणीतरी कागदावर लिहून ठेवायला हवं, नाहीतर तिसरा इलेक्ट्रिशियन येईपर्यंत कोणता चार्जर कुठे आहे ते कोणालाच माहीत नसतं.

आणि गणपतीचं काय? रोजचे सात युनिट ही सरासरी झाली. गौरी-गणपती विसर्जनानंतर कोकणातून परतणाऱ्या गाड्या एकाच रात्री, बॅटरी तळाला गेलेली घेऊन पार्किंगमध्ये शिरतील. तेव्हा प्रत्येकाला तीस-तीस युनिट हवे असतील. वाटप करणारी यंत्रणा असेल तर त्या रात्री प्रत्येकाला थोडं थोडं मिळेल, सकाळी ऑफिसला जाण्यापुरतं नक्की, आणि उरलेलं दुसऱ्या रात्री. यंत्रणा नसेल तर पहिला येईल तो भरेल आणि बाकीच्यांची लाइट जाईल.

राज्याची वेळ वेगळी, सोसायटीची वेगळी

लोकलचं उदाहरण घ्या. सकाळी साडेआठला ठाण्याला पाय ठेवायला जागा नसते आणि दुपारी अडीचला त्याच गाडीत खिडकी मिळते. रूळ तेच, डबे तेच. विजेच्या जाळ्यातही गर्दीची वेळ असते, फक्त प्रत्येक पातळीवर ती वेगळी असते, आणि इथे लोकांचा गोंधळ होतो.

राज्य पातळीवर कमाल मागणी बहुधा फेब्रुवारी ते मे या महिन्यांत दिवसा येते. शेतीपंप, कारखाने, कार्यालयं सगळी एकदम चालू असतात, आणि महावितरणची मागणी २५ हजार मेगावॅटच्या पुढे जाते. पण दिवसा सौरऊर्जाही असते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीचा भार मुद्दाम दिवसावर आणला जातोय तो त्यामुळेच. खरी ओढाताण सूर्य मावळल्यावर सुरू होते. सौर वीज तासाभरात शून्यावर येते आणि त्याच वेळी घराघरांत दिवे, टीव्ही, एसी लागतात. ती दरी भरायला कोयना धावून येते. १,९६० मेगावॅट क्षमतेचा हा जलविद्युत प्रकल्प काही मिनिटांत पूर्ण ताकदीने उभा राहतो, पण त्याच्या वापराचं पाणी कृष्णा लवादाने, म्हणजे कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या न्यायाधिकरणाने, मोजून दिलेलं आहे, ते जपून वापरावं लागतं. आपल्याच जिल्ह्याच्या शहापूर तालुक्याच्या हद्दीवर घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. स्वस्त वीज असेल तेव्हा पाणी वर चढवायचं आणि महाग वेळी खाली सोडून वीज करायची, असं त्याचं काम चालतं.

म्हणजे राज्याच्या दृष्टीने गाडी लावायची सगळ्यात वाईट वेळ संध्याकाळी सहा ते अकरा. आणि माणूस ऑफिसातून घरी येऊन गाडीला वायर लावतो नेमका त्याच वेळी. सोसायटीच्या ट्रान्सफॉर्मरची वाईट वेळ याहून थोडी पुढची, उन्हाळ्यात रात्री दहा ते एक. दोघांनाही चालणाऱ्या वेळा दोनच: रात्री एकनंतरची रात्र आणि भर दुपार.

दुपारसाठी आता पैशाचं आमिषही आहे. जुलै २०२५ पासून टीओडी मीटर, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारा स्मार्ट मीटर, असलेल्या घरगुती ग्राहकांना महावितरणकडून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत मिळू लागली. स्मार्ट मीटरबद्दल लोकांच्या मनात शंका आहेत, काही ठिकाणी विरोधही झाला, आणि त्या शंकांना महावितरणने नीट उत्तरं द्यायलाच हवीत. पण कोणती वीज कोणत्या वेळी वापरली हे मोजणाऱ्या मीटरशिवाय दुपारची सवलत देता येत नाही, हेही तितकंच खरं.

आता गंमत अशी की सवलतीच्या वेळेत ठाणेकराची गाडी घरी नसते. ती वागळे इस्टेटमध्ये असते, ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये असते, महापेला असते, किंवा स्टेशनबाहेर असते. म्हणून मला वाटतं, चार्जिंगची चर्चा आपण सोसायटीपुरती अडकवून ठेवली आहे ही चूक आहे. ऑफिसच्या पार्किंगमध्ये साध्या ३.३ किलोवॅटच्या जोडण्या दिल्या तर आठ तासांत २५ युनिट भरतात, आणि ते भर दुपारी, सौर विजेवर.

स्टेशनांचा विचार तर मला सगळ्यात जवळचा वाटतो. सिडकोने नवी मुंबईची स्टेशनं बांधताना पार्किंगला भरपूर जागा ठेवली. वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर, पनवेल, कुठेही सकाळी नऊनंतर जा, दुचाकींच्या रांगा लागलेल्या असतात. त्या संध्याकाळपर्यंत हलत नाहीत. दहा तास उभ्या राहणाऱ्या स्कूटरला महागडा फास्ट चार्जर नकोच आहे. तिला हवं एक सुरक्षित, मीटर असलेलं, पावसापासून झाकलेलं साधं सॉकेट. एका युनिटसाठी दहा तास म्हणजे शंभर वॅट, जुन्या पिवळ्या बल्बएवढा भार. हजार स्कूटरना मिळून १०० किलोवॅट. पे-अँड-पार्कचं कंत्राट देताना ही अट घालणं पालिका आणि सिडकोला जमण्यासारखं आहे, आणि ज्यांच्या इमारतीला पार्किंगच नाही अशा हजारो लोकांची सोय एका निर्णयात होईल.

मोठे चार्जर, बस आणि डेटा सेंटर

महामार्गावरचे फास्ट चार्जर दिसायला भीतिदायक असतात. १२० किलोवॅटच्या चार गन (गाडीत खुपसायच्या चार्जिंगच्या नळ्या) म्हणजे एका मोठ्या सोसायटीएवढा भार. पण ते स्वतःचं उच्चदाब कनेक्शन आणि स्वतःचा ट्रान्सफॉर्मर घेऊन येतात, महावितरणला आधी अर्ज करावा लागतो, क्षमता तपासली जाते. त्यामुळे जाळ्याला त्यांचा धक्का बसत नाही. अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी मिळाल्यापासून त्या बाजूची ये-जा वाढणार हे उघड आहे, पण तिथली तयारी मोठ्या कंपन्या आणि सरकार करू शकतात.

बसचंही तसंच. ठाण्याची टीएमटी आणि नवी मुंबईची एनएमएमटी, दोघांच्या ताफ्यात इलेक्ट्रिक बस आहेत. एक बस दिवसाला २०० किलोमीटर धावली आणि किलोमीटरला सव्वा युनिटच्या आसपास वीज लागली, तर शंभर बसच्या डेपोला रात्रीत सुमारे २५ हजार युनिट हवेत. सहा तासांत भरायचे तर भार चार मेगावॅटच्या वर जातो. मोठा आहे, पण एका ठिकाणी, एका हातात, ठरलेल्या वेळी.

आणि आपल्या भागात विजेची खरी भूक कोणाला आहे ते बघायचं असेल तर ठाणे-बेलापूर रस्त्याने दिघ्यापासून महापेपर्यंत एक फेरी मारा. एका बाजूला जुने कारखाने जाऊन त्यांच्या जागी डेटा सेंटर उभी राहिली आहेत. त्यातलं एकेक मोठं केंद्र दहा-वीस मेगावॅट तरी घेतं, रात्रंदिवस, न थांबता, आणि त्यांना गाडीसारखं "जरा नंतर घे" असं सांगता येत नाही. वाहिन्या आणि उपकेंद्रं वाढवायचा दबाव तिथून येतोय. त्या विस्ताराचा फायदा गाड्यांनाही मिळेल.

नॉर्वेचं उदाहरण इथे अनेकदा दिलं जातं. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी जवळपास ८९ टक्के पूर्णपणे इलेक्ट्रिक होत्या, आणि तिथलं जाळं कोसळलेलं नाही. हे खरं असलं तरी एक फरक विसरू नये. तिथली घरं थंडीत विजेवरच तापवतात, त्यामुळे प्रत्येक घराचं कनेक्शन आधीपासून दणकट आहे. आपल्या वन-बीएचकेचा मंजूर भार तीन-चार किलोवॅटचा असतो. गाड्या किती आल्या याची तुलना करता येते, केबलच्या जाडीची करता येत नाही.

जुन्या इमारती, जुने सेक्टर

घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरना आवारातच उपकेंद्राची खोली असते, पार्किंग ठरलेलं असतं. तिथे नियोजन केलं की काम होतं. मला काळजी वाटते ती नौपाडा, पाचपाखाडी आणि वाशी-नेरूळच्या जुन्या सेक्टरांची. सिडकोच्या जुन्या कंडोमिनियममध्ये मीटर बॉक्स तीस-चाळीस वर्षांचे आहेत, खारी हवा आणि पाऊस खाऊन त्यांचे जोड गंजले आहेत, आणि गाड्या रस्त्यावर उभ्या असतात. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्सटेन्शन बोर्ड खाली सोडून स्कूटर चार्ज करणारे लोक आहेत. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांना दुसरी सोयच दिलेली नाही. पण ते धोक्याचं आहे. चार्जिंग तासन् तास सलग चालतं, पातळ वायर आणि सैल जोड त्यात तापत जातात. वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग, या चार गोष्टींत काटकसर करू नका.

नौपाड्यात सध्या पुनर्विकासाची लाट आहे. इमारत पाडून नवी उभी करताना पार्किंगच्या प्रत्येक जागेपर्यंत मोकळा पाइप आणि मीटर रूममध्ये जास्तीची जागा ठेवायला एकूण खर्चाच्या मानाने नगण्य पैसे लागतात. तेच दहा वर्षांनी फोडाफोडी करून करायचं म्हटलं तर सभासदांची भांडणं होतात. बिल्डरशी करार करताना हे कलम मागून घ्या.

मग सोसायटीने करायचं काय?

पहिलं काम अगदी साधं आहे: उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मरवर खरोखर किती भार येतो ते जाणून घ्या. महावितरणच्या उपविभाग कार्यालयात लेखी मागणी करा, किंवा परवानाधारक ठेकेदाराकडून मे महिन्यातल्या चार-पाच रात्री मुख्य केबलवर मोजणी करून घ्या. तिन्ही फेजचे आकडे वेगवेगळे हवेत. हा एक कागद हातात आला की सभेतला अर्धा वाद मिटतो.

दुसरं, पहिल्या पाच जणांना परवानगी देण्याआधी पन्नासाव्या माणसाचा विचार करा. आज बहुतेक सोसायट्यांत ज्याने गाडी घेतली तो आपल्या मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतःची वायर ओढतो. सुरुवातीला ते सोपं आणि स्वस्त पडतं. पण शिल्लक क्षमता सगळ्यांची असते आणि ती पहिले वीस जण ७.२ किलोवॅटचे चार्जर लावून संपवतात. एकविसाव्याला सांगितलं जातं, आता ट्रान्सफॉर्मर बदलावा लागेल, खर्च तू कर. हा अन्याय आहे आणि तो आधी नियम करून टाळता येतो. चार्जिंगसाठी सोसायटीच्या नावाने एक वेगळं कनेक्शन घ्या, एक जाड मुख्य केबल पार्किंगमधून फिरवा, तिला प्रत्येकाचा चार्जर सबमीटरने जोडा आणि एकूण भारावर मर्यादा ठेवा. ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगसाठी महावितरणचा स्वतंत्र दरवर्ग आहे, आणि केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार गाडीसाठी वेगळं कनेक्शन मागायचा अधिकार ग्राहकाला आहे. आपल्याच सभासदांना चार्जिंग दिलं म्हणून सोसायटी वीज विक्रेता ठरत नाही, त्यासाठी परवाना लागत नाही. हा मुद्दा केंद्र सरकारने २०१८ मध्येच स्पष्ट केला आहे, तरीही सभेत तो हरकत म्हणून येतो.

ज्यांना घरच्याच मीटरवरून चार्जर हवा आहे त्यांनी भारवाढीचा अर्ज जरूर करावा. तीन किलोवॅट मंजूर असताना सात किलोवॅटचा चार्जर गुपचूप लावला, तर महावितरणच्या नोंदीत तो भार नसतोच, आणि पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यासाठी कुठला ट्रान्सफॉर्मर मोठा करायचा याची यादी तयार होते तेव्हा तुमची गल्ली त्या यादीत येत नाही. बहुतेकांना ३.३ किलोवॅट पुरतात. रात्रीचे आठ तास म्हणजे २६ युनिट, दीडशे किलोमीटर. रोज दीडशे किलोमीटर गाडी चालवणारे ठाण्यात कितीसे असतील?

महावितरणकडूनही दोन गोष्टी हव्यात. कोणत्या ट्रान्सफॉर्मरवर किती जागा शिल्लक आहे ही माहिती ग्राहकाला मागितल्यावर सहज मिळावी. आणि ट्रान्सफॉर्मर मोठा करायची वेळ आलीच तर तो खर्च शेवटी आलेल्या एका अर्जदारावर न टाकता सगळ्यांत विभागण्याची स्पष्ट पद्धत असावी. अर्ज करायला पावसाळा संपल्यानंतरचे महिने बरे. केबल खोदाईची परवानगी तेव्हा मिळते, आणि मार्च उजाडायच्या आत काम पुरं व्हायला वेळ राहतो.